दोन बरगड्यांच्या मधली जागा

नाही गं, ‘ओरडायच्या’ असं नको लिहूस. खोड ते. वन्सं ओरडायच्या नाहीत, पुकारायच्या. ओरडणारं माणूस घसा फोडून घेतं आणि अर्ध्या तासात गप्प बसतं. वन्सं पहाटेपासून ऊन चढेपर्यंत पुकारायच्या आणि वर घरी येऊन पायरीवरूनच हाक मारायच्या, “वहिनी, चहा टाक गं!” चौथ्या घरातली बाईसुद्धा आधण ठेवायची, एवढा तो आवाज. तर लिही, भाजीच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारायच्या. आणि हेही लिही की वन्सं म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई, तुझ्या आजोबांची बहीण. वाचणाऱ्याला नाती कळायला हवीत, नाहीतर तो बिचारा कोण कुणाची करत बसेल.

लग्न झालं होतं त्यांचं. नवरा भला माणूस, पण मुलखाचा अबोल. लोक म्हणायचे, देवानं दोघांचं बोलणं एकाच ताटात वाढलं. तो लवकर गेला आणि वन्सं माहेरी आल्या, त्या आमच्यातच राहिल्या. त्यांचे वडील, म्हणजे माझे सासरे, बाजारात पुकारायचे. एक दिवस त्यांचा आवाज बसला. माल पडलेला, गिऱ्हाईक काढता पाय घेतंय, आणि ते नुसते खोकतायत. वन्सं त्यांचा डबा घेऊन गेल्या होत्या. त्यांनी डबा खाली ठेवला, एक क्रेट उपडी केली, तिच्यावर चढल्या आणि लागल्या पुकारायला. पुढे सासऱ्यांचा आवाज परत आला, पण क्रेट काही परत मिळाली नाही.

बाजार म्हणजे काय, तर पत्र्याचं लांबच लांब छप्पर, खाली ओली फरशी, तिच्यावर कोबीची पानं तुडवून तुडवून झालेला चिखल. एकीकडे टोमॅटोच्या क्रेटांचे मनोरे, दुसरीकडे कांद्याची पोती, वर माळ्यावर लसूण. बाईमाणूस एकट्या वन्सं. बाजारातलं त्यांचं नाव ‘भोंगा’. तोंडावरसुद्धा म्हणायचे, त्यांना राग नव्हता.

त्यांची एक रीत होती. एक ढीग, एक श्वास. ढिगावर हात ठेवायचा, छाती भरून घ्यायची, आणि पहिल्या बोलीपासून ‘गेला’ म्हणेपर्यंत मध्ये श्वास घ्यायचाच नाही. मी एकदा विचारलं, हा काय हट्ट? तर म्हणाल्या, “अगं, मी श्वासाला थांबले की गिऱ्हाईकाला विचार करायला सवड मिळते. आणि गिऱ्हाईकानं विचार केला की भाव पडतो.”

कांदेवाला व्यापारी होता एक, डोळ्यांनीच बोली लावणारा, महा बेरकी. तो म्हणायचा, “बाई, श्वास घ्या हो, नाहीतर आम्हाला तुमचाच लिलाव करावा लागेल.”

“करा की. तुम्हाला परवडायची नाही मी.”

सगळा बाजार खिदळायचा. आणि तेवढ्यात कांदे त्याच्याच गळ्यात पडलेले असायचे.

तर एका सकाळी काय झालं, मागचा क्रेटांचा मनोरा सरकला. फरशी ओली, खालची क्रेट घसरली, वरच्या सगळ्या आल्या. वन्सं बाजूला झाल्या, पण एका भरल्या क्रेटचा कोपरा डाव्या कुशीत बसला, काखेच्या खाली. त्यांना आतून आवाज आला म्हणे, वाळकी काडी मोडावी तसा. हात ढिगावर होता. त्यांनी तो ढीग संपवला, ‘गेला’ म्हणाल्या, आणि मग खाली बसल्या.

हमाल धावले. त्यांचा मुकादम म्हणजे दाराच्या चौकटीत न मावणारा माणूस, आणि मनानं लोण्याचा गोळा. वन्संना तो ताई म्हणायचा. आता या हमालांचं एक असतं. कमरेला वीतभर रुंदीचा जाड सुती पट्टा, त्याचे पाच-सहा वेढे घट्ट आवळल्याशिवाय ते पोत्याला हात लावत नाहीत. ‘पट्टा आहे तर पाठ आहे’ म्हणतात. कमरेत उसण भरली, पट्टा. गुडघा दुखला, पट्टा. एकाची दाढ दुखत होती तर त्यानं हनुवटीपासून डोक्यावर पट्टा बांधलेला मी या डोळ्यांनी पाहिलाय. तेव्हा ताईंची बरगडी दुखावली म्हटल्यावर मुकादमानं स्वतःच्या कमरेचा पट्टा सोडला. यापेक्षा जास्त माया त्याच्याकडे नव्हती.

पण बांधायची त्यांची पद्धत ऐक. पोट रिकामं करून बांधतात, म्हणजे पट्टा सैल पडत नाही. मुकादम म्हणाला, “ताई, श्वास सोडा. सगळा सोडा. अजून सोडा.” वन्संनी छाती पार रिकामी केली. आणि त्या रिकाम्या छातीवर दोघा गड्यांनी दोन बाजूंनी ओढून पट्टा आवळला, पोत्याचं तोंड आवळतात तसा.

आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं त्यांना. हाड हलेना, कळ थांबली. त्यामुळे शंका कुणाला येणार?

तुझे आजोबा त्यांना जवळच्या दवाखान्यात घेऊन गेले. आत जायच्या आधी वन्संनी पट्टा सोडायला लावला. म्हणाल्या, डॉक्टर हसतील. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, दोन बरगड्यांना तडे गेलेत म्हणाले, हाड आपोआप जुळेल, या गोळ्या घ्या, आणि मुख्य म्हणजे मोठे श्वास घेत राहा. वन्सं हो हो म्हणाल्या. बाहेर मुकादम पट्टा खांद्यावर टाकून उभाच.

“काय म्हणाले डॉक्टर?”

“मोठे श्वास घ्या म्हणाले.”

“म्हणतातच ते. त्यांनी कधी पोतं उचललंय का? सोडा श्वास, ताई.”

बांधला पुन्हा. दवाखान्याच्या पायरीवर.

पहिले एक-दोन दिवस घरात नुसती शांतता. आजोबा म्हणाले, आपल्या रेडिओला आवाज आहे हे आजच कळलं. पोरंही खुश, आत्या रागवत नाही. मग माझ्या लक्षात आलं, वन्सं बोलत नाहीत असं नाही, त्यांना बोलवत नाही. “वहिनी,” म्हणायच्या, थांबायच्या, मग “चहा.” दोन शब्दांच्या मध्ये एक श्वास. ज्या बाईनं पन्नास क्रेटा एका श्वासात विकल्या, तिला चहा मागायला दोन श्वास लागत होते. खोकला आला की तोंडात पदर कोंबायच्या आणि दाबून टाकायच्या, कारण खोकलं की कुशीत सुरी फिरायची. आडवं पडवेना, बसून झोपायच्या. मग अंग तापलं. नाकपुड्या फुलायला लागल्या. ओठ पाहिले तर जांभळाच्या रंगाचे. मी आजोबांना म्हटलं, आता वाट नका बघू. त्यांनी आणि मुकादमानं वन्संना खुर्चीसकट उचललं आणि भाजीच्या टेम्पोत घालून मोठ्या इस्पितळात नेलं.

तिथल्या नर्सनं पदर बाजूला केला आणि पट्टा सोडायला लागली. एक वेढा, दोन वेढे, ती सोडतेच आहे. “अरे देवा, हे गुंडाळलं कुणी?” मुकादम वरच्या पंख्याकडे बघत होता, जसा काही त्याला तो विकत घ्यायचा होता. पट्टा निघाला तेव्हा कातडीवर विणीचे लाल वळ उठलेले. नाकाशी ऑक्सिजनची नळी लावली आणि डॉक्टर आले.

डॉक्टरांनी सांगितलं ते सरळ होतं. छाती बांधली, त्यामुळे डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग फुगतच नव्हता. न वापरलेल्या खोलीत जाळी धरतात तसा तिथे कफ साचला, त्यानं ताप चढला, आणि बाहेरून थोडं पाणीही धरलं. पाणी सुईनं काढता येईल. पण कफ त्यांनी स्वतः खोकून काढायला हवा. नाही काढला तर फुप्फुसाचा आणखी भाग बंद पडेल, मग घशातून नळी आत घालून यंत्रावर ठेवावं लागेल. घशातून नळी म्हटल्यावर वन्संनी माझा हात असा धरला की माझ्या बांगडीचा वण उठला. जीव तर होताच पणाला, पण त्यांना जीवाच्या आधी घसा आठवला.

पाणी काढताना मी समोर होते. वन्संना पलंगावर बसवून पुढे टेबलावर ओणवं केलं, त्यांचे हात माझ्या हातात. डॉक्टर पाठीवरून बोटानं बरगड्या मोजत खाली आले, एक, दोन, तीन, आणि दोन बरगड्यांच्या मध्ये थांबले. मग बोट जरा खाली घेतलं, खालच्या बरगडीच्या अगदी माथ्यावर. मला राहवलं नाही. विचारलं, मधोमध का नाही टोचत? ते म्हणाले, “आजूबाजूला काय आहे ते बघून टोचावं लागतं, बाई. प्रत्येक बरगडीच्या खालच्या काठाला आतून एक पन्हळ असते. त्या पन्हळीत रक्त नेणारी एक नळी, रक्त आणणारी एक, आणि दुखणं सांगणारी एक तार, अशा तिघी लपून बसलेल्या असतात. म्हणून सुई नेहमी खालच्या बरगडीला घासून.”

मी बघतच राहिले. घर बांधताना गवंडी पाण्याची नळी आणि विजेची तार वळचणीला लपवतो, पावसानं भिजू नये, कुणाचा धक्का लागू नये म्हणून. इथे हाडाच्या वळचणीला ही सोय. एका बरगडीला नाही, सगळ्या बरगड्यांना. आणि कुणी, कधी, कुठल्या माळ्यावर बसून केली म्हणायची ही? माझ्या अंगावर काटा आला तो सुईमुळे नाही.

पाणी निघालं, पण श्वास काही वाढेना. वन्सं छातीला हलूच देत नव्हत्या. दुसऱ्या दिवशी एक मुलगी आली, व्यायामवाली. श्वासाचा व्यायाम शिकवणारी असते ना, ती. अंगानं काडी, आवाज असा की कान जवळ न्यावा लागे. वन्संनी तिला पाहून मान फिरवली. “ही चिमणी... मला... काय शिकवणार?”

ती हसली. “मावशी, चिमणीसुद्धा श्वास घेते. बरगड्या कोण हलवतं माहितीय?”

“हाडं... आपली... हलतात.”

“हाडाला कुठे हलता येतं? ते आळशी. त्याला कुणीतरी ओढावं लागतं. तुमच्या दोन बरगड्यांच्या मध्ये बोट ठेवा. तिथे काय लागतं?”

“कातडी.”

“कातडीखाली मांस आहे. एका बाजूला बारा बरगड्या, म्हणजे मधल्या जागा अकरा. प्रत्येक जागेत मांसाचे तीन पदर, एकावर एक. कागदासारखे पातळ.” मग तिनं आपल्या कोटाच्या पुढच्या खिशांत दोन्ही हात घातले. “माझी बोटं बघा कशी तिरकी गेलीत, वरून खाली आणि पुढे. बाहेरच्या पदराचे धागे असेच तिरके. त्याच्या आतल्या पदराचे धागे बरोबर उलटे, फुली मारल्यासारखे.” ती खुर्ची दिसते का तुला, वेताची? तिच्या बैठकीत वेत कसा एकमेकांवर आडवा-उभा विणलेला असतो, म्हणून तर आपण बसलो तरी फाटत नाही. मला तीच आठवली. तिसरा पदर सगळ्यात आतला, आणि त्याच्या नि दुसऱ्याच्या मधून त्या तिघी जातात, पन्हळीतल्या.

मुकादम दारात उभा होता. रोज यायचा, आत यायचा नाही. आता दोन पावलं आत आला.

मुलगी म्हणाली, “बाहेरचे पदर आखडले की बरगडी वर उचलते. कशी? बादलीची कडी कलंडलेली असते ना, ती उचलली की वर पण जाते आणि बाहेर पण येते. तशी. सगळ्या कड्या एकदम उचलल्या की छाती रुंद होते आणि आत हवा ओढली जाते. पोटावरचा पडदा खाली सरकतो, मोठं काम तो करतो. पण हे मधले पदर ताठ नसते तर तो पडदा खाली गेल्याबरोबर तुमच्या बरगड्यांमधली कातडी आत खेचली गेली असती, तोंड लावून ओढलेल्या पिशवीसारखी. ते ताठ धरून ठेवतात म्हणून ती ओढ वाया जात नाही, हवा नाकातून आत येते. आणि तुम्ही,” ती दाराकडे न बघता म्हणाली, “तुम्ही सगळ्या कड्या खाली पाडून वरून दोरी बांधली.”

मुकादमानं मान खाली घातली. “मी बांधली. ताईंचा दोष नाही.”

“आणि सोडताना?” हे मी विचारलं. मला आता चैन पडेना. “श्वास सोडताना कोण ओढतं?”

“साधा श्वास सोडताना कुणीच नाही. फुप्फुस आपोआप आकसतं, बरगड्या आपोआप खाली येतात. पण खोकताना, हाक मारताना आतले उलटे पदर जोर लावून बरगड्या खाली खेचतात. पोटाचे स्नायू मदतीला येतात.” मग तिनं वन्संना विचारलं, “मावशी, तुम्ही एका श्वासात अख्खा ढीग विकता म्हणे?”

वन्संनी मान हलवली. गर्वानं हलवली, तापातसुद्धा.

“मग तुमचे बाहेरचे पदर किती तयार असतील! कारण छाती पूर्ण भरली की ती लगेच रिकामी व्हायला बघते. धाडकन. तसं झालं तर तुमचा सगळा श्वास एका हाकेत संपेल. पण बाहेरचे पदर बरगड्यांना सोडत नाहीत. धरून ठेवतात आणि थोडं थोडं सैल करतात. म्हणून तुमचा आवाज शेवटपर्यंत एकसारखा.”

मुकादम आणखी दोन पावलं पुढे आला. आता तो पलंगाच्या पायथ्याशी होता. “म्हणजे माळ्यावरून पोतं दोरानं खाली सोडतो तसं? सोडायचं असतं, पण पडू द्यायचं नसतं?”

“अगदी तसं.”

“त्याला उचलण्यापेक्षा जास्त ताकद लागते,” तो म्हणाला. आणि ते परातीएवढे पंजे आपल्याच कुशीवर ठेवून उभा राहिला, तोंड उघडं. हजारो पोती सोडली होती त्यानं त्या माळ्यावरून, आणि आत, बनियनच्या खाली, दर बोलण्यागणिक बावीस जागी कुणीतरी दोर धरून होतं, याचा त्याला पत्ता नव्हता. मलाही नव्हता. पाच पोरं या बरगड्यांखाली वाढवली मी, रोज अंघोळीला साबण लावला त्यांच्यावरून, पण मध्ये कोण राहतं ते विचारलं नाही. हात लाव बघू तुझ्या कुशीला. लिहिणं राहू दे क्षणभर. लाव. आता नाकानं श्वास घे. आलं वर? हां. ते तू करत नाहीयेस, बाळा. ते तुला करतायत.

पण वन्सं घाबरलेल्या. मुलीनं त्यांच्या कुशीवर हात ठेवला, “माझा हात ढकला बघू,” म्हणाली, तर वन्संनी अर्ध्यातच श्वास टाकून दिला. डोळ्यांत पाणी. “नाही... होत... गं.” मुलगी रागावली नाही. तिनं उशी उचलली.

“बरं, श्वास राहू दे. ही उशी विका.”

“काय?”

“विका. तुम्ही लिलाववाल्या ना? मला बघायचंय.”

वन्संनी उशी हातानं दाबून पाहिली. सवय गं, दुसरं काय. “भुसा... भरलाय... हिच्यात.”

“मग तर विकून दाखवाच.”

ही बायकांची लांब खोली, भिंतीला लागून लोखंडी पलंग. पलीकडे पायाला प्लास्टर घातलेली एक बाई होती, कंटाळून गेलेली. ती म्हणाली, “मी घेते! बदल्यात माझं संध्याकाळचं इंजेक्शन देते!”

वन्संचे डोळे बदलले. मी पाहिलं. ढिगावर ठेवतात तसा त्यांनी उशीवर हात ठेवला. “इंजेक्शन... एक,” म्हणाल्या. “इंजेक्शनच्या... वर कोण?”

“दोन कडू गोळ्या!” कोपऱ्यातून आवाज.

“आधी भरा, मावशी,” मुलगी कानाशी म्हणाली. तिचा हात कुशीवरच होता. “दुखेल. थोडं दुखू दे. पण माझा हात ढकला, मग पुकारा.”

वन्संनी डोळे मिटले आणि श्वास घेतला. मी त्यांच्या कुशीकडे बघत होते. मुलीचा हात हलला. खरंच हलला गं, बाहेर आला बोटभर, कडी उचलल्यासारखा. वन्संचं तोंड वेडंवाकडं झालं, पण त्यांनी श्वास टाकला नाही. दोर धरला. “दोन गोळ्या, दोन गोळ्या, गोळ्यांच्या वर कोण, आहे का कुणी...”

“सलाईनची बाटली, नळीसकट!” हे तुझे आजोबा. भेटीची वेळ होती, नुकतेच आले होते. बहिणीचा आवाज ऐकून दारातच बोली लावली त्यांनी, आणि बोली लावताना रडत होते.

“सलाईन एक, सलाईन दोन...” आणि तिथे खोकला आला. वन्संनी सवयीनं पदर तोंडाकडे नेला. मुलीनं पदर काढून उशी त्यांच्या कुशीवर दाबून धरली. “दाबू नका त्याला! उशी घट्ट धरा आणि खोका!” मुकादम ओरडला, “खोका ताई, खोका, खाली खेचा!” तो असा जोर लावून उभा होता की जसा काही स्वतःच खोकणार. आणि वन्सं खोकल्या. एकदा, दोनदा, मग असा एक खोकला की पलीकडचा पेला वाजला, आणि कफाचा गोळा बाहेर आला, गंजाच्या रंगाचा. मग आणखी. मुलगी भांडं धरून होती आणि ‘शाब्बास, शाब्बास’ म्हणत होती.

ते संपल्यावर वन्सं मागे टेकल्या. घामानं भिजलेल्या. मग म्हणाल्या, “उशी सलाईनला गेली. गेली, गेली, गेली.” सलग म्हणाल्या.

त्या दुपारी सगळे पेंगले. मी वन्संपाशी बसले होते, काही काम नव्हतं, म्हणून बघत होते. पांघरुणं वर होत होती, खाली होत होती. प्लास्टरवालीचं सावकाश, कोपऱ्यातलीचं भराभर, वन्संचं अजून अडखळत. कुणी कुणाला सांगत नव्हतं. अख्खी खोली लाटेसारखी हलत होती आणि प्रत्येक पांघरुणाखाली त्या बावीस जागा, ते फुलीचे धागे, वळचणीच्या त्या तिघी. मला वाटलं, मोठ्यानं बोलू नये इथे. देवळात नाही वाटलं मला कधी तसं, खोटं कशाला बोलू.

मग रोज लिलाव झाला. खुर्ची विकली, पंखा विकला, एकदा डॉक्टर विकले, ते स्वस्तात गेले. बोली दिवसेंदिवस लांबत गेली. घशात नळी घालावी लागली नाही. ताप उतरला, वन्सं घरी आल्या. हाडं जुळेपर्यंत बाजार बंद, पण मोठे श्वास चालू. मुकादम रोज संध्याकाळी येऊन विचारायचा, “हात ढकलला का आज?”

पहिल्यांदा बाजारात गेल्या तेव्हा मीही गेले. क्रेटवर चढल्या, कांद्याच्या पोत्यावर हात ठेवला, पुकारायला लागल्या. अर्ध्यात श्वास संपला. थांबावं लागलं. आणि त्या बेरक्या कांदेवाल्यानं तेवढ्या फटीत पडेल बोली सरकवली!

वन्संनी श्वास पुरा घेतला. मग म्हणाल्या, “श्वास घेतेय मी, मेले नाही! वरची बोली बोला.” बाजार असा हसला की कबुतरं उडाली. कांदेवाल्यानंच वरची बोली लावली. त्यानंतर पुष्कळ वर्षं पुकारलं त्यांनी, ढिगाला दोन श्वास घेऊन. एकदाही लाजल्या नाहीत. उलट मधला श्वास घेताना कुशीवर हात ठेवायच्या, आत कोणी कामावर आहे त्याला शाबासकी दिल्यासारखा. भाव काही पडला नाही, कांदेवाला पडला म्हणायचा तो भाग वेगळा.

आता हे नीट लिही, मोठ्या अक्षरात. वाचणाऱ्यांनो, तुमच्या ओळखीत कुणी ओझी उचलणारं असेल, हमाल म्हणा, गवंड्याच्या हाताखालचं म्हणा, तर त्याला माझा एवढा निरोप द्या: पट्टा कमरेला खुशाल बांधा, पण छातीला मार लागला तर छाती बांधू नका. आधी डॉक्टरांकडे जा, आणि दुखलं तरी श्वास पुरता भरा. ते लोक पटकन ऐकत नाहीत. दोनदा सांगा. आणि सांगताना त्याचा हात धरून त्याच्याच कुशीवर ठेवा.